एलिझाबेथ टिलीचे माहेर

कुलवृत्तान्ताच्या कामात ज्यांनी आयुष्याची काही वर्षे घातली आहेत त्यांना हा अनुभव परिचयाचा असेल, की घराण्यातील पुरुषांची माळ सात-आठ पिढ्या मागे ओवीत नेता येते, परंतु त्याच माळेतील एखाद्या पुरुषाची पत्नी कोणाची कन्या, तिचे माहेर कोणत्या गावचे, तिला भावंडे किती, एवढा साधा प्रश्न विचारला की सारे दप्तर मुके होऊन बसते. आपल्याकडे तर विवाहसमयी आडनावाबरोबर मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची चाल. त्यामुळे माहेरच्या कागदातील गोदावरी आणि सासरच्या कागदातील लक्ष्मीबाई ही एकच व्यक्ती होय, हे सांगणारा दुवा बहुधा घरातल्या कोणा वृद्धेच्या स्मरणात तेवढा राहतो आणि ती गेली म्हणजे तिच्याबरोबर लोपतो. इंग्लंडात स्त्रीचे पाळण्यातले नाव विवाहानंतरही कायम राहत असे. पण मुलींना ठेवायची नावेच तेथे इतकी थोडी, आणि एलिझाबेथ, मेरी, अ‍ॅन, जोन ही तर घरोघर इतकी आढळणारी, की आडनाव पुसले गेल्यावर त्या एका नावावरून माणूस ओळखणे जवळजवळ अशक्य व्हावे. मग जी स्त्री मातृभूमी सोडून समुद्रापलीकडच्या वसाहतीत संसार थाटण्यास गेली तिची गोष्ट तर बोलायलाच नको. तिचे सासर एका खंडात, माहेर दुसऱ्या खंडात, आणि मध्ये अटलांटिकचे पाणी.

अशाच एका स्त्रीच्या माहेराचा शोध मला फार दिवसांपासून मोह घालीत आला आहे. तिचे नाव एलिझाबेथ टिली. सन १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून जी १०२ माणसे इंग्लंडचा किनारा सोडून उत्तर अमेरिकेस गेली त्यांत ही तेरा वर्षांची मुलगी आपल्या आईबापांसमवेत होती. पुढे तिचे जॉन हौलंड याच्याशी लग्न झाले, तिला दहा अपत्ये झाली, आणि त्या दहांपासून एवढा विस्तार झाला की अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि पुढे अध्यक्षपदी आलेले दोघे बुश पितापुत्र हे सारे तिच्याच वंशवेलीवरचे. इतक्या मोठ्या परिवाराची ही मूळमाता; तथापि ती स्वतः कोणाची लेक, हे तिच्या वंशजांना दीर्घकाळ चुकीचे ठाऊक होते, आणि तिच्या आईचे नाव काय, हे कळण्यास तर त्या आईच्या मृत्यूनंतर साडेतीनशे वर्षे जावी लागली.

त्या प्रवासाची हकीकत पुष्कळांनी पुष्कळदा सांगितलेली आहे. ती येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. तरी तिच्यातील दोन प्रसंग एलिझाबेथच्या आयुष्याशी इतके निगडित आहेत की ते टाळून पुढे जाता येत नाही. वसाहतीचा पुढे दीर्घकाळ गव्हर्नर झालेला विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहून ठेवले आहे, की भर समुद्रात वादळ चालू असता जॉन हौलंड नावाचा एक धट्टाकट्टा तरुण जहाजाच्या वरच्या मजल्यावर आला आणि जहाज एकाएकी कलताच पाण्यात फेकला गेला. परंतु वरच्या शिडाचा दोर बाहेर लोंबत होता तो त्याच्या हाती लागला, आणि कित्येक वाव पाण्याखाली गेला तरी त्याने तो सोडला नाही, म्हणून शेवटी दोराने ओढून आणि आकड्याने गुंतवून त्याला वर घेता आले. तो दोर हातचा निसटता तर या लेखाचा विषयच उरला नसता. दुसरा प्रसंग डिसेंबरमधला. जहाज केप कॉडच्या आश्रयाला नांगरून पडले होते आणि वस्तीसाठी जागा शोधण्यास एका लहान गलबतातून मोजकी माणसे निघाली होती. थंडी एवढी, की लाटांचे उडालेले तुषार अंगरख्यांवर गोठून त्यांच्यावर जणू काचेचा लेप चढे. त्या गलबतात एलिझाबेथचा बाप जॉन टिली होता, तिचा चुलता एडवर्ड टिली होता, आणि तिचा भावी पती जॉन हौलंडही होता. एडवर्ड टिलीला तर थंडीने मूर्च्छा येण्याची वेळ आली होती, अशी नोंद त्या सफरीच्या समकालीन वृत्तान्तात आहे. बाप आणि जावई हे असे एका होडीत बसले. मात्र सासरा-जावई या नात्याने एकमेकांकडे पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

कारण त्या हिवाळ्यात निम्मी माणसे गेली. जहाजात अठरा प्रौढ स्त्रिया होत्या; त्यांपैकी वसंत ऋतूचा उजेड पाहण्यास पाच उरल्या. जॉन टिली गेला, त्याची पत्नी गेली, चुलता एडवर्ड गेला, चुलतीही गेली. तेरा वर्षांच्या पोरीच्या रक्ताचे म्हणावे असे मोठे माणूस त्या साऱ्या किनाऱ्यावर एकही राहिले नाही. ज्या जागेवर ही वस्ती उभी राहिली ती पॅटक्सेट नावाच्या मूळ रहिवाशांच्या गावाची जागा. गोऱ्या खलाशांच्या संपर्कातून आलेल्या साथीने ते गाव चारच वर्षांपूर्वी निर्मनुष्य झाले होते, आणि तेथल्या लोकांनी पूर्वी कसलेल्या मोकळ्या शेतांतच या नव्या लोकांनी पहिला मका पेरला. एका समाजाच्या थडग्यांवर दुसऱ्या समाजाची थडगी रचली गेली, हे सत्य या हकीकतीच्या पायथ्याशी आहे आणि लिहिणाऱ्याने ते नजरेआड करू नये.

पोरकी झालेली ही मुलगी गव्हर्नर जॉन कार्व्हर यांच्या घरात आश्रयास राहिली असावी असे अभ्यासकांचे अनुमान आहे, आणि ते मला ग्राह्य वाटते. हौलंड हा कार्व्हरांच्याच चाकरीतला होता. त्याच घरात डिझायर मिंटर नावाची एक मुलगी होती, आणि एलिझाबेथने पुढे आपल्या पहिल्या कन्येचे नाव डिझायर ठेवले. इंग्रज कुटुंबांत असे नाव सहसा आढळत नाही. ते कोठून तरी मायेने उचललेले असणार. कार्व्हर स्वतः एप्रिल १६२१ मध्ये वारले, त्यांची पत्नी त्यांच्या मागोमाग काही आठवड्यांत गेली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत हौलंड आणि एलिझाबेथ यांचे लग्न झाले. २२ मे १६२७ रोजी वसाहतीतील गुरांची वाटणी झाली, तिच्या दप्तरात हे कुटुंब आपल्याला प्रथम एकत्र भेटते. तेरा-तेरा माणसांचे बारा गट पाडलेले. चौथ्या गटात जॉन हौलंड, त्याची पत्नी एलिझाबेथ, मुलगा जॉन आणि मुलगी डिझायर. आणि त्यांच्या वाट्यास 'जेकब' जहाजातून आलेल्या चार कालवडींपैकी रॅगहॉर्न नावाची एक आली. तेरा माणसांत एक कालवड! आणि त्या कालवडीचे नावसुद्धा कारकुनाने लिहून ठेवले, हे वाचताना मला आपल्या जुन्या गावझाड्यांतल्या बारकाईची आठवण होते. पण त्याच वसाहतीच्या कागदांत मृत जॉन टिलीच्या पत्नीचे नाव मात्र कोठे नाही.

पन्नास वर्षांचा संसार येथे चार ओळींत आटोपतो. हौलंड वसाहतीत मान पावला. फेब्रुवारी १६७३ मध्ये, म्हणजे रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक होण्याच्या आदल्या वर्षी, तो वारला. दोनच वर्षांनी, जून १६७५ मध्ये, मूळ रहिवाशांचा नायक मेटाकॉम आणि इंग्रज यांच्यात जे भयंकर युद्ध पेटले त्याची पहिली ठिणगी स्वॉन्झी या गावी पडली. आणि त्याच स्वॉन्झीत आपली मुलगी लिडिया आणि जावई जेम्स ब्राउन यांच्या घरी एलिझाबेथने आयुष्याचे अखेरचे दिवस काढले. मेटाकॉमचा बाप मॅसॅसॉइट याने १६२१ च्या वसंतात या लोकांशी तह केला तेव्हा ती मुलगी होती. तो तह मोडून राख झालेली गावे तिने म्हातारपणी पाहिली.

तिथेच १७ डिसेंबर १६८६ रोजी तिने मृत्युपत्र केले. औरंगजेबाने विजापूर घेतले ते याच वर्षी. हे मृत्युपत्र म्हणजे या साऱ्या हकीकतीतील माझ्या सर्वांत आवडीचा दस्तऐवज आहे, कारण त्यात एका गृहिणीचे घर आतून दिसते. थोरला मुलगा जॉन याला पाच पौंड रोख, टिंडेल यांच्या ग्रंथांचे पुस्तक, चादरींची एक जोडी, उशीच्या अभ्र्यांची एक जोडी आणि ब्लँकेटांची एक जोडी. जोसेफ याला दांडीवर वजन सरकवून तोलायचा काटा, आणि पुन्हा चादरी व अभ्रे. जाबेझ याला त्याच्या ताब्यात आधीपासून असलेली पिसांची गादी आणि लोड, शिवाय मोठे लोखंडी भांडे, चुलीवर टांगायच्या आकड्यांसकट. आयझॅक याला रोमकरांस पत्रावरील विल्सन यांचे भाष्य, आणि मोठा पितळी हंडा, जो त्याच्याकडेच होता. मुलगी एलिझाबेथ डिकिन्सन हिला चादरी, अभ्रे आणि एक पेटी. जिच्या घरी ती राहत होती त्या लिडियाला सर्वांत अधिक: उत्तम पिसांची गादी, दोन उशा, तीन ब्लँकेटे, एक हिरवा रग, लहान कपाट, धाकटा पितळी हंडा, सर्वांत तलम चादरी, लहान बायबल, आणि जॉन रॉबिन्सन यांचे धर्मविचारांचे एक पुस्तक. रॉबिन्सन हे हॉलंडातील लायडन नगरीत मेफ्लॉवरवरील धर्मनिर्वासितांच्या मंडळीचे पाळक होते. ते स्वतः अमेरिकेस कधी आलेच नाहीत, पण त्यांचे पुस्तक त्या घरातील हंडे-गाद्यांच्या पंक्तीला बसून वारशाने पुढे चालले. जी स्त्री उशीचा अभ्रा मोजून देते ती त्याच हिशेबाने धर्मग्रंथही मोजून देते; दोन्ही तिच्या संसाराच्या गरजेच्या वस्तू होत्या.

या मृत्युपत्राच्या प्रारंभी तिने आपले वय सांगितले आहे: एकोणऐंशी वर्षे. वाचकाने हा आकडा ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ती पुढच्या वर्षी, डिसेंबर १६८७ मध्ये वारली, आणि तिच्या नातवंडा-पतवंडांत हळूहळू अशी समजूत दृढ झाली की आपली आजी गव्हर्नर कार्व्हर यांची कन्या होती. ही समजूत कोठून उगवली हे समजणे अवघड नाही. ज्या घरात ती वाढली त्या घराचे नाव मुलांच्या कानी पडले असेल. आश्रय देणारा हा दोन पिढ्यांनी पिता होतो, आणि पिता गव्हर्नर असला तर घराण्यास ते भूषणच. कोणी जाणून खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. आमच्याकडेही 'पेशव्यांच्या दरबारी असलेले आमचे मूळ पुरुष' याच रीतीने जन्मास येतात, आणि ते सांगणारी माणसे मनाने निर्मळ असतात. वंशाची आठवण ही नेहमी मोठ्या दाराकडे झुकते, आणि म्हणूनच इतिहाससंशोधक राजवाड्यांनी बखरींच्या शेजारी अस्सल कागद ठेवून पाहण्याची जी शिस्त आपल्याला लावून दिली तिच्यावाचून कोणत्याही घराण्याचे पान खरे लिहिता येत नाही.

हौलंड घराण्याच्या बाबतीत तो अस्सल कागद ब्रॅडफर्डची स्वहस्ताक्षरातील पोथी हा होता, आणि ती तर हरवलेली होती. अठराव्या शतकात ती बोस्टनच्या ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यात टॉमस प्रिन्स यांच्या ग्रंथसंग्रहात होती. क्रांतीच्या धामधुमीत, इंग्रज फौजेचा त्या चर्चमध्ये तळ असताना, ती तेथून नाहीशी झाली. कोणी नेली, कशी नेली, हे गूढच. पुढे १८४४ साली इंग्लंडातील बिशप विल्बरफोर्स यांच्या एका ग्रंथात फुलम येथील बिशपांच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखिताचा उल्लेख आणि त्यातील काही मजकूर आला. तो वाचताना १८५५ मध्ये अमेरिकी अभ्यासकांच्या ध्यानात आले की हा मजकूर ब्रॅडफर्डचाच. चौकशी झाली, हस्ताक्षराची खातरजमा झाली, आणि १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने तो ग्रंथ छापला. मूळ पोथी १८९७ मध्ये अमेरिकेस परत गेली. या पोथीच्या शेवटी ब्रॅडफर्डने तीस वर्षांनी मागे वळून, १६५१ च्या सुमारास, जहाजावरील एकूण एक कुटुंबाची यादी दिली आहे, आणि त्या कुटुंबांचे पुढे काय झाले याचाही तपशील दिला आहे. तेथे स्वच्छ लिहिलेले सापडले: जॉन टिली, त्याची पत्नी, आणि त्यांची कन्या एलिझाबेथ, आणि पुढे, जॉन हौलंडने जॉन टिलीच्या कन्येशी विवाह केला, दोघे हयात आहेत, त्यांना दहा अपत्ये आहेत. गव्हर्नर कार्व्हरांशी असलेले नाते एका ओळीत मिटले. मृत्यूनंतर १६८ वर्षांनी एलिझाबेथला तिचा खरा बाप मिळाला.

आणि आई? आईच्या जागी त्या यादीत 'त्याची पत्नी' एवढेच दोन शब्द.

वंशावळकारांनी त्या दोन शब्दांच्या जागी नाव भरण्याचे प्रयत्न केले, आणि येथेच घाई कशी फसवते याचा उत्तम धडा मिळतो. लायडनच्या दप्तरात १६१५ मध्ये एका यान टेलीचे ब्रिजेट व्हॅन डर व्हेल्डे हिच्याशी झालेले लग्न नोंदलेले आहे. टेली म्हणजे टिली, यान म्हणजे जॉन, लायडन म्हणजे निर्वासितांचे गाव. तेव्हा जहाजावरची पत्नी ती हीच, असे ठरवून ब्रिजेट हे नाव पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेले. एलिझाबेथ त्या लग्नाआधीची, म्हणून ब्रिजेट तिची सावत्र आई, असा पुढचा मजलाही त्यावर चढला. जे नाव सापडले त्याचाच तो माणूस असला पाहिजे हा आग्रह, आणि त्याच नावाचे दुसरे कोणी असू शकेल या शक्यतेची उपेक्षा, या दोन दोषांनी आपल्याकडच्याही कितीतरी वंशावळी नासलेल्या आहेत.

खरे उत्तर १९७६ मध्ये मिळाले. रॉबर्ट ली वॉर्ड यांनी 'द अमेरिकन जीनिअलॉजिस्ट' या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध करून मेफ्लॉवरवरील सात प्रवाशांचे मूळ गाव एकदम सिद्ध केले. ते गाव हेन्लो. लंडनच्या उत्तरेस बेडफर्डशायर परगण्यातील एक शेतकऱ्यांचे गाव. त्या सिद्धतेची रचना मला अत्यंत सुंदर वाटते, म्हणून तिच्याजवळ जरा थांबतो.

जॉन टिली हे नाव कोणत्याही गावी सापडू शकते. एलिझाबेथ तर सर्वत्रच. तेव्हा या दोन नावांच्या मागे लागून उपयोग नव्हता. परंतु ब्रॅडफर्डच्या यादीत शेजारीच आणखी एक नोंद आहे: एडवर्ड टिली, त्याची पत्नी अ‍ॅन, आणि त्यांच्याबरोबर दोन मुले, हेन्री सॅम्सन आणि ह्युमिलिटी कूपर. या मुलांचे नाते सांगताना ब्रॅडफर्डने जो शब्द योजला तो आज चुलत-मावस भावंडांना लावतात. पण त्या काळी तोच शब्द पुतण्या, भाचा, भाची यांनाही चाले. म्हणजे टिली, सॅम्सन आणि कूपर ही तीन घराणी परस्परांत गुंतलेली होती. हवे होते ते असे एकच गाव, की जेथे ही तीनही नावे एकाच पिढीत, एकमेकांच्या घरात लग्ने करताना दिसतील. हेन्लोच्या नोंदींत ती दिसतात. एडवर्ड टिली याचा बाप्तिस्मा २७ मे १५८८ रोजी, आणि त्याचे अ‍ॅग्नेस कूपर हिच्याशी लग्न २० जून १६१४ रोजी, दोन्ही हेन्लोत. अ‍ॅग्नेस आणि अ‍ॅन ही नावे त्या काळी एकमेकांच्या जागी सर्रास चालत. अ‍ॅग्नेसची बहीण मार्था ही सॅम्सन कुटुंबात दिलेली. तिचा मुलगा हेन्री, बाप्तिस्मा जानेवारी १६०४. ह्युमिलिटी ही अ‍ॅग्नेसच्या माहेरची भाची. ती मोठेपणी इंग्लंडास परत गेली आणि १६३९ मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा ती हॉलंडात जन्मलेली, रॉबर्ट कूपरची मुलगी, वय १९, असे लिहिले गेले. एलिझाबेथचे गाव तिच्या स्वतःच्या नावाने सापडले नाही; सापडले ते तिच्या चुलतीच्या माहेरच्या माणसांमुळे. सासरकडून पाहणाऱ्याने बायकांची नाती दुय्यम मानून ओलांडावी आणि अखेरीस त्याच नात्यांनी घराण्याला वाट दाखवावी, याहून या विषयाचे मर्म सांगणारी गोष्ट मला ठाऊक नाही.

या नोंदी मुळात आल्या कोठून, तेही सांगितले पाहिजे. सन १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमधील पाद्र्याने बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची वही ठेवावी. आणि त्या शतकाच्या अखेरीस राणी एलिझाबेथच्या अमदानीत या वह्या टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून ठेवण्याचा आदेश झाला. या दोन सरकारी फर्मानांच्या कृपेने हेन्लोसारख्या गावातील साध्या कुळंब्याचे जन्ममरणही कागदावर राहिले. त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चपासून मोजत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या नोंदीला दोन वर्षांचे आकडे जोडून लिहावे लागतात; शक, फसली आणि शुहूर सन यांचा मेळ घालताना ज्याने डोके शिणवले आहे त्याला हा त्रास नवा वाटणार नाही. शिवाय बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाच्या बापाचेच नाव बहुधा असे, आईचे नसे. आई कोण ते विवाहाच्या नोंदीवरून ताडायचे.

तर हेन्लोची वही सांगते: जॉन टिली, रॉबर्ट आणि एलिझाबेथ टिली यांचा मुलगा, बाप्तिस्मा डिसेंबर १५७१. त्याचे लग्न २० सप्टेंबर १५९६ रोजी जोन रॉजर्स हिच्याशी. ही जोन विधवा होती. १५९३ च्या जूनमध्ये तिचे टॉमस रॉजर्स याच्याशी लग्न झाले होते, त्यापासून एक मुलगी झाली होती, आणि मग तो वारला. (मेफ्लॉवरवर टॉमस रॉजर्स नावाचा एक प्रवासी होता, तो निराळा. नावाच्या मोहात पडणाऱ्यासाठी येथेही एक खड्डा खणून ठेवलेला आहे.) माहेरची ती जोन हर्स्ट, विल्यम आणि रोझ हर्स्ट यांची धाकटी मुलगी. जॉन आणि जोन यांना पाच मुले झाली. पहिली रोझ, १५९७. ती लहानपणीच गेली असावी, कारण १६०२ मध्ये पुन्हा एका मुलीचे नाव रोझ ठेवलेले आहे. मध्ये जॉन, नंतर रॉबर्ट. आणि सर्वांत शेवटी ३० ऑगस्ट १६०७ रोजी एलिझाबेथ.

मृत्युपत्रातील तो एकोणऐंशी हा आकडा आता पुढे घ्यावा. १६०७ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेली स्त्री १६८६ च्या डिसेंबरात नेमकी एकोणऐंशी वर्षांची भरते. स्वॉन्झीतील म्हाताऱ्या आजीने आठवणीवर विसंबून सांगितलेला आकडा आणि बेडफर्डशायरमधील पाद्र्याने लिहिलेली तारीख, एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या या दोन साक्षी जेव्हा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तेव्हा संशोधकाच्या मनाला जो विसावा मिळतो तो भोगलेल्यालाच कळेल. नावेही साक्ष देतात. नातीला आजीचे नाव ठेवण्याची रीत आपल्यासारखीच तेथेही होती: दोन रोझ या आजोळच्या रोझ हर्स्टवरून, रॉबर्ट हा आजोबांवरून, आणि एलिझाबेथ ही बापाच्या आईवरून.

मोठी भावंडे मेफ्लॉवरच्या यादीत नाहीत. ती मागेच राहिली. रॉबर्टचे लग्न तर पुढे १६३२ मध्ये बेडफर्ड येथे झाल्याची नोंद आहे. जहाजावर आईबापांनी बरोबर घेतली ती शेंडेफळ तेवढी. अमेरिकेतील वंशजांना ज्या आजीमागे शतकानुशतके कोणी दिसत नव्हते, तिला हेन्लोत मामा होते, आत्या-काका होते, एक सावत्र बहीण होती, सख्खे भाऊ-बहीण होते. ती एकाकी मुळीच नव्हती. तिचे सारे गणगोत समुद्रापलीकडे होते, एवढेच.

एलिझाबेथची समाधी ऱ्होड आयलंडमध्ये ईस्ट प्रॉव्हिडन्स येथील लिटल नेक दफनभूमीत, ब्राउन कुटुंबाच्या जागेत दाखवतात. तिच्या आईची समाधी दाखवता येत नाही. पहिल्या हिवाळ्यात जे गेले त्यांना किनाऱ्याजवळच्या टेकडीवर निशाणीवाचून पुरले. जोन हर्स्ट तेव्हा बावन्न-त्रेपन्न वर्षांची होती, जहाजावरच्या स्त्रियांत वयाने मोठ्या असलेल्यांपैकी एक. एक नवरा पुरून, सहा मुलांना जन्म देऊन, या वयात गावाचे घर सोडून ती लाकडी जहाजाच्या पोटात दोन महिने काढण्यास निघाली, आणि पोहोचल्यावर काही आठवड्यांत संपली. ब्रॅडफर्डच्या यादीत ती 'त्याची पत्नी' आहे. हेन्लोच्या वहीत १३ मार्च १५६८ च्या नोंदीत मात्र तिला स्वतःचे नाव आहे: जोन, विल्यम हर्स्टची मुलगी.